नाकावरचं माणूस

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सतरा शब्द. ‘धर’ सहा वेळा, ‘सोड’ चार, ‘ढकल’ तीन, ‘थांब’ दोन, आणि एकदा ‘वाकू नकोस’. हे शेवटचे दोन शब्द आहेत, म्हणून बेरीज सतरा येते. मागच्या शुक्रवारी बाराच होते.

हिशेबाची वही पुढून भरत जाते आणि मागची पानं कोरी राहतात. रद्दीत घालण्यापेक्षा त्यावर लिहावं म्हणून आजपासून लिहिते आहे. अक्षर बारीक ठेवलं तर वर्षभर पुरतील.

मार्चपासून आमच्या घरात अबोला आहे. धरला यांनी, पण मोडला मीही नाही. भांडण म्हणावं तर झालंच नाही. झालं असतं तर चार दिवसांत संपलंही असतं. यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भावोजी, मार्चमध्ये दवाखान्यात होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आम्हीच त्यांचे. हे रात्रभर त्यांच्या उशाशी बसून सकाळी घरी आले आणि पलंगावर आडवे झाले. झोपमोड नको म्हणून यांचा फोन मी माझ्याजवळ घेतला आणि देवापुढे माळ घेऊन बसले. तेवढ्यात दवाखान्याचा फोन येऊन गेला. जपात होते, ऐकू आला नाही, असं मी सांगितलं. माळ संपवून उलट फोन केला तर भावोजी गेलेले. हे अनवाणीच धावले. संध्याकाळी परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “झाली का माळ?” त्यानंतर घरात माझ्याशी एक शब्द नाही.

घरात नाही, पण बोटीवर आहे. दोघा भावांची ही बावीस फुटी मोटरबोट. पलीकडच्या काठाला अठरा घरं आहेत आणि तिकडे जायला रस्ता नाही. मंगळवार-शुक्रवार नर्सबाईंना तिकडे न्यायचं-आणायचं, एरवी औषधं, टपाल, सामान. हे चाकावर असायचे आणि भावोजी पुढच्या टोकावर दोर घेऊन उभे. त्या टोकाला ते बोटीचं ‘नाक’ म्हणायचे आणि स्वतःला ‘नाकावरचं माणूस’. ते गेल्यावर बोट पंधरा दिवस बांधून होती. सोळाव्या दिवशी हे दारात उभे राहून रेडिओकडे तोंड करून म्हणाले, “नाकावर माणूस पाहिजे.” घरात तिसरं कोणी नव्हतं. मी चपला घातल्या.

तेव्हापासून दर फेरीला मी नाकावर. बोटीवरचं बोलणं अबोल्यात धरायचं नाही, असं आमचं न बोलताच ठरलंय. हे म्हणतात “धर”, मी म्हणते “धरलं”. उतरून धक्क्यावर पाय ठेवला की पुन्हा तोंडाला कुलूप.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वारा आडवा होता. बोट लावायची आमची जागा म्हणजे एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला वकिलांची पांढरी बोट, आणि मध्ये दोन्हीकडे हातभर पाणी. बोटीचं नाक हलकं, वाऱ्याबरोबर लगेच वाहवतं. ते सावरायला यांनी रिव्हर्स टाकला की मागची बाजू डावीकडे पळते. या इंजिनाची ती खोडच आहे. मग मी काठीच्या आकड्यानं वकिलांची बोट दूर ढकलायची आणि दोराचा फास धक्क्यावरच्या खुंटाला टाकायचा. आज दोनदा फास पाण्यात पडला. तिसऱ्यांदा बसला.

इंजिनाची कामं करणारे मिस्त्री वकिलांच्या बोटीत बसून हे बघत होते. म्हणाले, “काका, काकूंना किती दिवस असं लोंबकळत ठेवणार? थ्रस्टर बसवून टाका ना.”

“ते काय आणखी?” नर्सबाईंनी विचारलं.

“सोपं आहे. नाकाच्या खालच्या भागात आडवी नळी घालायची, या अंगातून त्या अंगात आरपार. नळीत पंखा. इथे बटण दाबलं की पंखा पाणी फेकतो आणि नाक हवं तिकडे सरकतं.”

“म्हणजे बोटीचं नाक टोचायचंय म्हणा की!”

“हो, पण चमकी आतून.”

हे हसले. मोठ्याने हसले. मार्चनंतर पहिल्यांदाच. मग विचारलं, “पण बावीस फुटाला लागतो का?”

“लागतो असं म्हणाल तर नाही. लागतं कुणालाच काही नसतं काका, सोय असते. चाळीस फुटाला वाऱ्यात माणूस पुरत नाही, तिथे गरज. तुमच्या एवढीला दोर आणि डोकं पुरे. फक्त पुढे माणूस नको, एवढाच फायदा.”

“पुढे माणूस नको,” हे म्हणाले. विचारलं नाही, त्यांचंच वाक्य सावकाश परत म्हटलं.

शब्द आज तेवीस होते. मोजले, पण आनंद झाला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

घरात मी देवाशी मोठ्याने बोलते. “देवा, पीठ संपत आलंय,” म्हटलं की दुसऱ्या दिवशी पीठ येतं. आयुष्यभर केलेल्या प्रार्थनांना इतकी चटकन उत्तरं कधी आली नव्हती.

आज म्हटलं, “देवा, धड असलेल्या वस्तूला भोक पाडू नये. नळीत गवत अडकतं. वेगळी बॅटरी लागते. आणि मिनिटभर सलग चालवला तर तापून बंद पडतो म्हणे.” हे सगळं मी काल नर्सबाईंना मध्ये घालून मिस्त्रींकडून काढून घेतलं होतं.

हे पेपर वाचत होते. पान उलटलं. देवानं उत्तर दिलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. लांबच्या गावी असते, रविवारचा रविवार फोन करते. “आई, बोलता ना गं तुम्ही दोघं?” म्हटलं, “बोलतो की. या आठवड्यात चाळीस झाले.” तिला वाटलं मी चाळीस मिनिटं म्हणते आहे. “अरे वा,” म्हणाली. मग “बाबांना दे” म्हणाली. मी फोन टेबलावर ठेवला आणि आत गेले. यांनी तो उचलला. आमचं देणंघेणं असंच टेबलावरून होतं.

खोटं बोलले नाही. पण खरं बोलल्यासारखंही वाटलं नाही. आज माळ ओढताना दोनदा मोजणी चुकले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फेरी लवकर आटोपली. हे डिझेल आणायला गेले तेव्हा वकील बोट लावत होते. घूंऽऽ असा आवाज, डब्यात माशी कोंडल्यासारखा, की त्यांचं नाक आपोआप भिंतीकडे. पुन्हा घूंऽऽ, की लागली बोट. ना हाक, ना आरडाओरडा.

मी विचारलं, “वकीलसाहेब, याचा खरंच फायदा होतो का?”

“बाजूने बोलू की विरुद्ध?”

“खरं बोला.”

“फी न घेता खरं बोलायची सवय नाही, पण बोलतो.” दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “दोन मिनिटं वाचतात. ओरडावं लागत नाही. आधी आमची मंडळी पुढे उभी असायची. मी ओरडायचो डावीकडे, ती ढकलायची उजवीकडे. मग मी तिला आणि ती मला. अख्खा धक्का फुकटात तमाशा बघायचा. शेवटी कंटाळून हे बसवलं. ती म्हणाली, आता माझं काय काम? आणि यायची बंद झाली.”

“आता कशा आहेत?”

“तीन वर्षं झाली जाऊन,” वकील म्हणाले. “बोट मात्र सुरेख लागते.”

मग खिशातून फडकं काढून बटणावरचे पाण्याचे थेंब पुसत बसले. तिथे थेंब नव्हते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर बघू नये.

वारा मागच्या शुक्रवारपेक्षा जोरात. हे “सोड, सोड” म्हणत होते. पण मी दोर सोडला तर नाक वकिलांच्या बोटीवर जाणार असं मला दिसत होतं, म्हणून धरून राहिले. बोटीनं हिसका दिला आणि उजवा हात बोटीची कड आणि दगड यांच्यामध्ये आला. दोन बोटं. एक नख गेलं. नर्सबाई बोटीतच होत्या हे नशीब. “हाड वाचलं हो काकू. देवाची कृपा,” म्हणाल्या आणि पट्टी बांधली.

हे काहीतरी ओरडले होते. कळ इतकी होती की शब्द नीट ऐकू आला नाही. शेवटी ‘गं’ होता. इंजिन तसंच चालू सोडून पुढे आले. तोंड पांढरंफटक. वकिलांच्या बोटीला लांब ओरखडा गेला होता, त्याचा राग असणार. माझ्याशी काही बोलले नाहीत, नर्सबाईंनाच तीनदा विचारलं, “नक्की ना? नक्की ना?”

घरी आल्यावर ओट्यापाशी उभी होते तेव्हा बाहेर फोनवर बोलणं ऐकलं. “हो, बसव तो थ्रस्टर. दिवाणी कामासारखं लांबवू नकोस, लवकर बसव. पुढे माणूस नको मला.”

नको मला. हेही दोन शब्दच, पण माझ्याशी नव्हते, म्हणून मोजत नाही.

किंमत वहीच्या पुढच्या बाजूला लिहीन. इथे नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी भांडी घासलेली होती. कडांना साबण तसाच. ताटं उलटी न घालता उताणी वाळत ठेवलेली, त्यामुळे प्रत्येकात तळाशी पाणी. तक्रार करायची तर कोणाकडे? पुन्हा धुवायला हात नाही. तशाच ताटात जेवले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हात बांधलेला, म्हणून मला बोटीवर जायचं नव्हतं. घरात बसवेना. धक्क्याच्या वरच्या रस्त्यावर कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, बघू तरी पुढे माणूस नसताना कशी फजिती होते.

वारा आडवाच होता. हे एकटे चाकावर. बोटीच्या बरोबर मध्यावर, बगलेत, एक लोखंडी खुंटी आहे. तिला दोर बांधून दुसरं टोक हातात घेतलेलं. भिंतीजवळ आल्यावर खिडकीतून हात काढून तो दोर धक्क्यावरच्या खुंटावर टाकला, इंजिन जरा पुढे दिलं, आणि बोट आपली आपण शहाण्या लेकरासारखी भिंतीला येऊन टेकली. पहिल्या झटक्यात. नर्सबाई पिशवी सावरत उतरल्यासुद्धा.

त्या वर आल्यावर मी विचारलं, “हे एकट्याला कधीपासून येतं?”

“काकांना? अहो, ते झोपेत लावतील. थोरले दादा तापानं पडले की कोण यायचं पुढे? महिना महिना एकटेच आणायचे.”

“मग मला सात महिने कशाला नेलं?”

नर्सबाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं त्या पेशंटच्या जिभेकडे बघतात. “ते त्यांना विचारा,” म्हणाल्या.

विचारायचं कसं, तिथेच तर घोडं अडलंय.

घरी येऊन खूप विचार केला. बोटीला थ्रस्टर लागत नाही, हे मिस्त्री म्हणाले. यांना माणूसही लागत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. म्हणजे मला नेत होते ती शिक्षा असणार. जिच्यामुळे भावाची अखेरची भेट चुकली, तिला भावाच्या जागी उभं करायचं, दर फेरीला, म्हणजे ती विसरणार नाही. आणि आता शिक्षाही पुरे झाली. चूक करणाऱ्या माणसालाही एक जागा असते. ती जागासुद्धा गेली.

पण मग एक कोडं उरतं. ज्याला दोरानं बोट लावता येते, तो थ्रस्टर कशाला घेतो? वायफळ खर्च यांच्या स्वभावात नाही. अर्धी काडी वाचवून ठेवणारा माणूस आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शून्य. बोट कामाला जमिनीवर काढली आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शून्य.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शून्य. “देवा, मीठ,” म्हटलं. मीठ डब्यात भरपूर होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घरात दोन माणसं असून घड्याळाचा आवाज एवढा कसा येतो? पूर्वी तोच आवाज असणार, पण आम्ही मध्ये असायचो.

हे सकाळी बाहेर पडतात, दुपारी येऊन जेवतात, पुन्हा जातात. आज जेवताना आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. मी घेतली. मग मी पाण्याचा तांब्या सरकवला. पाहुण्यांच्या पंगतीत अनोळखी माणसं करतात तसं. एकदा यांनी तोंड उघडलं. मी हातातला घास तसाच धरून थांबले. हे खोकले आणि उठले.

लेकीला पत्र लिहायला घेतलं होतं. काय लिहू? तुझे बाबा माझ्याशी वाईट वागतात म्हणू तर तसं नाही. ताप आला तर उशाशी औषध असतं. पट्टी ओली झाली की नवी कोरी पट्टी खिडकीत ठेवलेली असते. कोणी मारत नाही, कोणी टाकून बोलत नाही. फक्त कोणी बोलत नाही. असं पत्र वाचून ती म्हणेल, आई, अगं मग अडचण काय आहे?

पत्र फाडलं नाही. पाठकोरा कागद आहे, उपयोगी पडेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बोट बघायला गेले. हे तिथे नव्हते. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली बोट फार मोठी वाटते आणि फार उघडी. नाकात खरोखरच आरपार भोक. वाकून बघितलं तर पलीकडे मिस्त्रींचे बूट दिसले.

“बरं झालं आलात,” मिस्त्री म्हणाले. “चला, आत चढा. चाकापाशी उभ्या राहा. आता हात सहज पुढे करा. ताणू नका. बांधलेला नको, डावा करा.”

केला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या तळव्याच्या खाली खूण केली.

“माझ्यावर कसलं माप घेता?”

“काका म्हणाले, बटण बरोबर बसव.”

हे हजर नव्हते म्हणून मिस्त्रींनी मिळेल त्या माणसावर माप घेतलं. हे माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. बटण त्यांना फार खाली पडणार, दर वेळी वाकावं लागणार, आणि कंबर आधीच धरलेली असते. मिस्त्रींना सांगितलंही. ते नुसते हसले आणि म्हणाले, “काकू, तुम्ही फार मोजता.” आजकालच्या कामाला ही अशी बेफिकिरी.

३० नोव्हेंबर, रविवार

आज माळ हातात घेतली आणि खाली ठेवली. या वहीत खोटं आहे. पहिल्याच पानावर आहे. देवापुढे बसून बघते तर देवाला ते ठाऊक आहे, मग पानापासून काय लपवायचं.

फोन मला ऐकू आला होता.

एकदा नाही, दोनदा. मांडीशीच होता, मांडी थरथरत होती. पहिल्यांदा अर्धवट वाजून थांबला. दुसऱ्यांदा पूर्ण वाजला. तेवीस मणी राहिले होते. लोकांना वाटतं, मलाही वाटायला लावलं मी, की देवभोळी बाई, माळ मोडायची नव्हती तिला. तसं नाही. पूर्वी दूध उतू गेलं तेव्हा अर्ध्या माळेवरून उठले आहे. सकाळी त्या वेळी दवाखाना फोन का करतो हे न कळायला मी लहान नाही. घेतला असता तर ऐकावं लागलं असतं. ऐकलं नाही तोवर भावोजी होते. तेवीस मणी जितके सावकाश ओढता येतील तितके ओढले.

पण तेवढ्यात ते एकटे होते. श्वास चालू असतानाचा फोन होता तो, गेल्यावरचा नव्हता. “लवकर या” म्हणायला केलेला. हे जागे झाले असते तर पोचले असते. पलंग माझ्यापासून तीन पावलांवर. एवढा आवाज होऊन यांनी कूससुद्धा बदलली नाही, इतका जीव थकलेला. त्या झोपलेल्या माणसाचा मी असा विश्वासघात केला. सात महिने “धर, सोड” ऐकते आहे ते फुकटच ऐकते आहे. तेवढीही माझी लायकी नाही.

हे लिहिलं म्हणून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. वहीला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे.

२ डिसेंबर, मंगळवार

नर्सबाईंना पलीकडे जायला दुसऱ्याची बोट घ्यावी लागली. आमची शुक्रवारी पाण्यात जाईल म्हणतात. हाताची पट्टी सुटली. नख काळं आहे, पण दुखत नाही.

आता मी मंगळवार-शुक्रवारचं काय करायचं ते ठरवायला हवं. वकिलांच्या मंडळी घरी काय करायच्या, कोण जाणे. विचारायला हवं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी नर्सबाई दारात. “काकू, चला. काका इंजिन चालू करून थांबलेत.”

“आता माझं काय काम? बटण बसवलंय ना.”

“मला काय विचारता? मी सुया टोचणारी बाई. चला, पलीकडे चार जण पोट धरून बसलेत.”

गेले. सवयीनं सरळ नाकाकडे निघाले तर तिथे हे. पुढचा दोर हातात, मांडी घालून बसलेले. चाकापाशी कोणी नाही. मला वाटलं दोर तपासताहेत, म्हणून बाजूला उभी राहिले. हे मागे न बघता म्हणाले, “चाक धर.”

“मी?”

“वारा नाही. धर.”

धक्क्यावरून मिस्त्री ओरडले, “काका, थ्रस्टर घेतला आणि वर पुढे माणूसही? मग पैसे कशाला घालवलेत?”

“तू तुझं काम बघ.”

चाक धरलं. डावा हात आपोआप खाली गेला तो नेमका बटणावर. हे बसलेले, मी उभी, इंजिन चालू, आणि बोट जागची हलेना. नर्सबाई आधी माझ्याकडे बघत होत्या, मग यांच्याकडे, मग म्हणाल्या, “अहो काकू, सांगा की त्यांना! चाकावरच्यानं सांगितल्याशिवाय नाकावरचं माणूस दोर सोडत नसतं. मी पाच वर्षं बघतेय.”

सात महिन्यांत बोटीवर ‘धरलं’, ‘सोडलं’ याखेरीज मी काही बोलले नव्हते. आपण होऊन तर नाहीच. घसा साफ केला. आवाज फाटकाच आला.

“सोडा.”

“सोडलं,” हे म्हणाले.

पलीकडे मऊ वाळू आहे, तिथे नाक नुसतं टेकवायचं असतं. जमलं. नर्सबाईंना उतरवलं. त्यांना तिकडे तीन तास लागतात, तेवढ्यात या काठाला येऊन सामान भरून न्यायचं. म्हणजे परतताना बोटीत आम्ही दोघंच.

पाणी सपाट होतं. यांची पाठ माझ्याकडे. सदऱ्याला मानेपाशी ठिगळ आहे, मीच लावलेलं. त्या ठिगळाकडे बघत अर्ध्यावर आले. चेहरा समोर असता तर जमलं नसतं.

“अहो.”

खांदे जरासे हलले.

“त्या दिवशी फोन वाजला तो मला ऐकू आला होता. मी मुद्दाम घेतला नाही.”

वाटलं इंजिनाच्या आवाजात बुडालं. पुन्हा म्हणायचा धीर नव्हता. तरी इंजिन अगदी मंद केलं आणि पुन्हा म्हटलं. या वेळी सगळं सांगितलं. मांडी, मणी, सावकाश ओढणं, सगळं.

हे बराच वेळ दोराचं टोक उलगडत आणि पुन्हा वळत बसले. मग पाण्याकडे बघूनच म्हणाले, “दोनदा आला होता.”

मी म्हटलं, “हो.”

“पहिल्यांदा अर्धाच वाजला.”

हे मी यांना आत्ता सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

“जागा होतो मी,” हे म्हणाले. “भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. वाटलं, ही उठेल. उठून मला सांगेल आणि मग मला जावं लागेल. रात्रभर बघितलं होतं गं त्याच्याकडे. पुन्हा बघवेना. तू उठली नाहीस तेव्हा...” इथे थांबले. “तेव्हा बरं वाटलं मला.”

बोट नुसती तरंगत होती. मी चाक धरलं होतं, पण ते कुठल्याच बाजूला फिरवत नव्हते.

“आणि संध्याकाळी तुलाच विचारलं, झाली का माळ म्हणून.” यांचा आवाज मोडला. “ते म्हटल्यावर घरात तुझ्यासमोर तोंड उघडायची चोरी झाली. इथे निदान दोर धर म्हणता यायचं.”

मी काय बोलले ते आठवत नाही. तेवढ्यात धक्का जवळ आला आणि वाराही सुटला. मी घाबरून बटण दाबलं ते उलट्या बाजूचं. घूंऽऽ करून नाक थेट वकिलांच्या बोटीकडे. “दुसरं! दुसरं दाब!” हे ओरडले. “कुठलं दुसरं? दोन्ही सारखीच आहेत!” मीही ओरडले. “डावं गं, डावं!” “माझं डावं की तुमचं?” वकील आपल्या बोटीत उभे राहून टायर मध्ये धरत होते. बोट लागली ती तिरकीच लागली. एकावन्न वर्षांची आहे मी, जन्मात इतकं मोठ्याने ओरडले नव्हते. वकील म्हणाले, “वा. एवढा पैसा घालून काही उपयोग झालेला दिसत नाही.” आणि फडक्यानं डोळे पुसले.

यांनी दोर बांधला. मी इंजिन बंद केलं. एक पाय धक्क्यावर टाकायचा, बस. पण हे उतरले नाहीत, तिथेच नाकावर माझ्याकडे तोंड करून बसले, आणि मी चाकापाशी. मग हे भावोजींचं सांगायला लागले. शेवटच्या रात्री ते शुद्धीत होते, पाणी मागितलं, परिचारिकेला हसवलं, पहाटे यांना म्हणाले तू जा, झोप जरा. ते सगळं यांनी मार्चपासून एकट्यानं धरून ठेवलं होतं. मी मधेमधे विचारत होते. पाणी प्यायले का? दुखत होतं का? पांघरूण कोणतं होतं?

वकिलांनी पलीकडून हाक मारली की नर्सबाई त्या काठाला हात हलवताहेत, दिसत नाही का. तीन तास होऊन गेले होते. सामानाची खोकी धक्क्यावर तशीच, एकही भरलेलं नव्हतं.